शेठला परत आणण्यासाठी बोरिवलीपर्यंत

अंधेरी कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं मी तिथे टायपिंग करते. आधी मशीनवर करायचे, आता कॉम्प्युटरवर. प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, नावबदल, काय पाहिजे ते बोला. शेजारच्या टेबलावरचे नोटरीसाहेब दरवर्षी कुठेतरी फिरून येतात आणि मग महिनाभर आमचं डोकं खातात. सिंगापूर असं नि दुबई तसं. मी बापजन्मात कुठे गेले नव्हते. सकाळी भांडुप ते अंधेरी, संध्याकाळी अंधेरी ते भांडुप.

तर यंदा मीपण प्रवास केला, आता ऐकायची पाळी तुमची. तीन दिवसांत मुलुंड, घाटकोपर, गोरेगाव आणि बोरिवली. हसू नका. भांडुपच्या माणसाला विचारून बघा, बोरिवली कधी धड पाहिलीस का म्हणून. दिल्लीला जाऊन येईल, पण बोरिवली म्हटलं की "लग्न आहे का कोणाचं?" असं विचारेल. आणि माझ्या त्या तीन दिवसांमुळे परदेशात जाऊन बसलेला एक माणूस बेड्या घालून परत आला. नोटरीसाहेबांच्या सिंगापूरमधून कोण आलंय असं?

निघण्याआधी : अंधेरी

माझा धाकटा भाऊ मिलिंद मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात कामाला होता. तयार कपडे धुऊन, वाफेच्या इस्त्रीने कडक करून द्यायचा कारखाना. त्या वाफेसाठी बॉयलर. चार वर्षांपूर्वी, दिवाळी दोन दिवसांवर आलेली असताना, तो बॉयलर फुटला आणि मिलिंद गेला. चाळीस वर्षांचा होता. त्या दिवसाबद्दल मी एवढंच लिहिते, जास्त लिहायला मला जमत नाही.

बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की तो आपोआप उघडतो, वाफ बाहेर जाते, माणसं वाचतात. पण वाफ गेली की इस्त्र्या थंड पडतात आणि काम अडतं. म्हणून शेठने, म्हणजे मालकाने, तो व्हॉल्व्ह तारेने आवळून बांधून टाकला होता. कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवायचा आणि खालचा गॅस मोठा करायचा, तसला प्रकार. सुरुवातीला पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा लावला, शेठला लगेच जामीन मिळाला, आणि दोन महिन्यांत तो परदेशात मेहुण्याकडे जाऊन बसला. देशाचं नाव लिहीत नाही. खटला चालू आहे आणि मॅडमनी दम दिलाय.

मॅडम म्हणजे सरकारी वकील. पुढे तपासात व्हॉल्व्हची गोष्ट बाहेर आली, सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं आणि शेठच्या प्रत्यार्पणाची मागणी तिकडे गेली. दीड वर्षानंतर तिथल्या कोर्टाचं पत्र आलं. मॅडमनी मला आणि मिलिंदच्या बायकोला, वर्षाला, बोलावून घेतलं.

"हे बघा सुजाताताई," मॅडम म्हणाल्या, "किरकोळ गुन्ह्यासाठी कुठलाच देश माणूस देत नाही. तो गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा असावा लागतो, आणि दोन्हीकडे त्याला निदान वर्षभराचा तुरुंग असावा लागतो. कारखान्यातल्या अपघाताला त्यांच्याकडे कंपनीला दंड होतो. तुरुंग नाही."

"म्हणजे माणूस मेला तरी किरकोळ?"

"अपघात असेल तर किरकोळ. मालकाला धोका माहीत होता आणि तरी त्याने केलं, हे दाखवलं तर गंभीर. मग ते देतील. आपल्याकडे कामगारांचे जबाब आहेत, पण त्याचा वकील म्हणतो ते पढवलेले आहेत. शेठला व्हॉल्व्हचं काही ठाऊकच नव्हतं म्हणे. आणि ज्या गुन्ह्यासाठी ते माणूस देतील, तेवढाच खटला आपल्याला चालवता येतो. एकदा आणला आणि मग कलम वाढवलं, असं चालत नाही. जे दाखवायचं ते आत्ताच. पंधरा दिवसांची मुदत आहे."

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. शेठच्या वकिलाने तिकडे जोडलेला. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशीचा वर्षाचा जबाब. 'सदरचा मृत्यू अपघाती असून माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही.' खाली वर्षाची सही.

तो कागद मीच टाईप केला होता. अपघाती मृत्यूचा जबाब हाच असतो, सव्वीस वर्षं हीच ओळ मी हजार वेळा मारली आहे. ही ओळ असली की पोस्टमॉर्टेम लवकर होतं आणि बॉडी लवकर मिळते. त्या दिवशी पोलीस स्टेशनात मी डोळे पुसत बसले होते, हवालदार म्हणाले "ताई, तुम्हीच मारा ना पटकन", आणि माझ्या बोटांनी सवयीने मारली ती ओळ. वाट लावली मी माझ्या भावाची, दुसरं काय म्हणणार?

मी मान खाली घालून बसले होते आणि मॅडम मयताचा फोटो बघत होत्या. वर्षाने घरातल्या भिंतीवरचाच काढून आणला होता. मिलिंद हसतोय, कपाळाला गुलाल. मॅडमनी चष्मा वर केला.

"हा हात कोणाचा?"

आपल्याकडे माणूस गेला की त्याचा एकट्याचा चांगला फोटो कधीच नसतो. मग कुठल्यातरी लग्नातल्या, वाढदिवसातल्या घोळक्यातून त्याला कापून काढतात आणि मोठा करतात. म्हणून अर्ध्या मुंबईच्या भिंतींवरच्या माणसांच्या खांद्यावर कोणाचा ना कोणाचा हात राहिलेला असतो. मिलिंदच्याही होता. तीन अंगठ्या घातलेला, पांढऱ्या बाहीचा.

"शेठचा आहे तो," वर्षा म्हणाली. "दसऱ्याला बॉयलरची पूजा होती, तेव्हाचा ग्रुप फोटो. ताईंनीच कापला."

मॅडम खुर्चीत पुढे आल्या. "बॉयलरची पूजा? म्हणजे पूर्ण फोटोत बॉयलर आहे? आणि शेठ त्याच्या शेजारी?"

स्फोटाच्या अठरा दिवस आधीचा फोटो! त्यात बांधलेला व्हॉल्व्ह दिसत असला तर शेठला ठाऊक नव्हतं असं कोणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं. आणि तो फोटो मी मिलिंदपुरता कापून बाकीचा टाकून दिला होता. कापताना फक्त त्याचा चेहरा बघत होते, मागे काय आहे तिकडे लक्षच गेलं नाही. मिलिंदचा फोन स्फोटातच गेला, मधे माझाही बदलला. शिल्लक होता तो फक्त हात.

"मूळ फोटो कोणाकडे तरी असेलच," मॅडम म्हणाल्या. "शोधा."

बुधवार : मुलुंड

पहिला मुक्काम दत्तारामकाकांकडे. बॉयलरवर मुख्य माणूस तेच होते, मालवणकडचे. दिवाळीला गावी गेले म्हणून वाचले, आणि त्यांच्या जागी मिलिंद उभा राहिला. आता मुलुंडला मुलाकडे राहतात.

मुलुंड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण वेगळीच दुनिया. रस्ते सरळ, झाडांना आळी केलेली, आणि रिक्षावाला चक्क मीटर टाकून "बसा मावशी" म्हणतो. भांडुपला आमचा रिक्षावाला आधी तोंडाकडे बघतो, मग आभाळाकडे, मग नाही म्हणतो.

काकूंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं पुढे केलं. मी म्हटलं आधी काम. काकू म्हणाल्या, "काम खंय पळान जाता? जेवा आधी." पाच आंबोळ्या खाल्ल्या मी. वर्षा माझ्याकडे बघत होती, पण तीपण चारवर थांबली, तेव्हा बोलायचं काम नव्हतं.

काकांना मी तिकडच्या कोर्टाचं सगळं सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"अगो, ह्यां आमच्या गावातसुदीक होता," ते म्हणाले. "गावात काय भानगड केली की माणूस पळान मुंबैक येय. लालबागेत आमच्या गावकऱ्यांची खोली होती, थंय लपान ऱ्हवा. मगे गावचो पोलीसपाटील चिठी धाडी, अमक्याक परत धाडा. खोलीतले जाणते बसान ठरवीत. आंबे चोरल्यान, शेजाऱ्याक गाळी घातल्यान, तर खोली सांगी, नाय धाडणव. भाड्याचो खर्च कोण करतलो? पण एकान भावाच्या घराक आग घातल्यान. आत म्हातारी होती. वाचली ती, पण तेका म्हायत होता आत म्हातारी आसा. तेका खोलीन स्वता गाडयेत बसयल्यान."

"मग आमच्या शेठला त्यांनी बसवावं गाडीत," वर्षा म्हणाली.

"बसयतीत. पण म्हायत होता ह्यां दाखय." काकांचे डोळे भरले. "चेडवा, तेका म्हायत होता. मीच सांगितलंय तेका दोनदा. मिलिंदान तर पुठ्ठ्यार लिवन थंय बोर्ड लायल्यान. दसऱ्याक तो बोर्ड थंयच होतो."

बोर्ड! हे आम्हाला नवीनच होतं. मिलिंदने घरी कधी सांगितलं नव्हतं. आता फोटोत व्हॉल्व्ह दिसो न दिसो, बोर्ड दिसला तरी पुरे होता. काकांकडे फोटो नव्हता. फोन विहिरीत पडला होता. पण फोटो काढला होता इरफानने, वेल्डिंग करायचा तो. आता गोरेगावला एका फिल्म स्टुडिओत सेट बांधायचं काम करतो. काकांनी नंबर दिला, फोन लागला आणि इरफान म्हणाला, उद्या गेटवर येऊन नाव सांगा.

परतताना : घाटकोपर

मेट्रोने अंधेरीला जाऊन मॅडमना बोर्डाचं सांगायचं म्हणून घाटकोपरला उतरलो, तर वर्षाची चप्पल तुटली. भर खाऊगल्लीच्या तोंडावर. एक पाय अनवाणी, एका हातात चप्पल, आणि समोर डोशावर चीज, चॉकलेट आणि देव जाणे काय काय किसत होते. आमच्या आईने पाहिलं असतं तर त्या डोशाची दृष्ट काढली असती. वर्षा म्हणाली, चप्पल नंतर, आधी एक घेऊ. घेतला. खोटं कशाला बोलू, झकास होता.

चांभार चप्पल शिवत होता तेवढ्यात माझ्या मनात आलं, आत्ता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"वर्षा, तो जबाब. तक्रार नाही म्हणून. तो मी टाईप केला होता गं. तुला वाचूनसुद्धा दाखवला नाही."

ती बोटाला लागलेलं चॉकलेट चाटत होती. "माहितीये मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासून. सही मी केली ना ताई? मला वाचता येतं. मला तेव्हा फक्त त्यांना घरी आणायचं होतं. तुम्ही काय लिहिलंत नि मी कशावर सही केली, दोघींनाही शुद्ध नव्हती." मग म्हणाली, "मला तुमचा राग आला होता. दोन वर्षं होता. मग गेला. आता चला, मेट्रो जाईल."

मेट्रो दर चार मिनिटांनी असते. पण मला रडू फुटत होतं, आणि तिने मला पळवलं ते बरं केलं. लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईशी माझं कधी पटलं नव्हतं. भाजीत गूळ घालते म्हणून मी हिला काय काय बोलले आहे. त्या दिवशी मेट्रोत मी तिला खिडकीजवळची जागा दिली.

गुरुवार : गोरेगाव

स्टुडिओच्या गेटवर नाव सांगायच्या आत एका माणसाने आमच्यावर झडप घातली. हातात कागद, गळ्यात शिट्टी. "दो लेडीज कम थी ना? टाईम क्या हुआ है? चलो, अंदर, अंदर!" मी काही बोलणार तर म्हणे, "बात नहीं, बात नहीं, शॉट रेडी है." आम्हाला वाटलं इरफाननेच पाठवलाय. गेलो त्याच्या मागे.

आत कोर्ट होतं! लाकडी पिंजरा, उंच खुर्ची, मागे सत्यमेव जयते. आम्हाला गर्दीतल्या बाकावर बसवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की आम्हाला गर्दी म्हणून धरलंय. वर्षाला हसू आवरेना. मला वाटलं उठून सांगावं, पण समोर पाहिलं आणि मी विसरलेच. वकील जज्जसाहेबांच्या तोंडासमोर जाऊन हातवारे करतोय, साक्षीदार मधेच ओरडतोय, आणि खाली कोणी टायपिस्ट नाही! मग हे सगळं लिहून कोण घेणार?

"ओ दादा," मी शिट्टीवाल्याला म्हटलं, "टायपिस्ट कुठाय?"

"कौन?"

"स्टेनो, टायपिस्ट. त्याच्याशिवाय कोर्ट उघडतच नाही. आणि त्या वकिलाला सांगा जरा लांब उभा राहा, साहेब बाहेर काढतील."

सेटवर सगळे थांबले. दिग्दर्शक कोण होता कोण जाणे, टोपी घातलेला, तो हसायला लागला. आणि तेवढ्यात वर परांचीवरून, म्हणजे बांबूंवर बांधलेल्या फळीवरून, आवाज आला, "भाभी? वर्षाभाभी?"

इरफान! खिळे तोंडात धरून खाली उतरला. आम्ही गर्दी नाही हे कळल्यावर शिट्टीवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण जेवण आम्हाला दिलंच. डाळ, भात, वांग्याची भाजी. आमच्या कोर्टाच्या कँटीनपेक्षा बरं होतं.

"फोटो मैंनेच निकाला था," इरफान म्हणाला. "वो मोबाईल तो कबका बेच दिया. व्हॉट्सॲप का ग्रुप भी सुपरवायजरने डिलीट करवाया, ब्लास्ट के दूसरे दिन, सबका फोन हाथ में लेके." वर्षाने हातातला घास खाली ठेवला. मला तर वाटलं संपलं. "लेकिन भाभी, शेठने उसका बडा प्रिंट निकालके ऑफिस में लगाया था ना. फ्रेम करके, लक्ष्मी के बाजू में. हर साल लगाता था."

"गाळा तर कधीच रिकामा केला," मी म्हटलं.

"हां, पर भगवान का फोटो कचरे में कौन डालेगा? मालनमावशी ले गई सब. बोरिवली."

मालनमावशी कारखान्यात इस्त्री करायच्या. मला इरफानच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तो पण हसला.

शुक्रवार : बोरिवली

मागाठाण्याला मेट्रोतून उतरलं की समोर नॅशनल पार्कचा डोंगर अंगावर येतो. मुंबईत असा डोंगर आहे आणि आम्ही भांडुपवाले त्याच डोंगराच्या पलीकडच्या बाजूला राहतो, हे मला पन्नाशीत कळलं. म्हणजे इतकी वर्षं बोरिवली आमच्या पाठीलाच पाठ लावून बसली होती. माणसांचंही निराळं. आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस हात दाखवून निघून जातो. इथे एका बाईने भाजीची पिशवी खाली ठेवली, सोबत आली आणि मावशींच्या दारात सोडून गेली.

मालनमावशी कराडकडच्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू. वर्षाला पाहिल्याबरोबर तिला कवटाळून रडल्या. मग चणे-गूळ हातावर ठेवले, शुक्रवारचे. भिंतीवर लक्ष्मी. ताजा हार, उदबत्ती.

ऑफिसातली फ्रेम कुठाय म्हणून विचारलं, तर मावशींनी लक्ष्मीकडे बोट केलं.

"स्फोटात देवीची काच फुटली गं. पलीकडची फ्रेम नीट होती. फ्रेमवाला म्हणाला, जुना फोटो काढत नाही, पुठ्ठ्यासारखा मागं राहू दे, त्याच्यावर देवी बसवतो. बसवली."

म्हणजे फोटो देवीच्या मागे होता! वर्षा उठलीच. मी तिचा पदर धरून खाली बसवलं. सव्वीस वर्षं कोर्टाच्या दारात काढल्यावर एवढं मला कळतं. आपण काढला तर उद्या त्यांचा वकील म्हणेल, यांनीच आत घातला. पोलीस पाहिजेत, पंच पाहिजेत, पंचनामा पाहिजे.

पण मावशी आडव्या आल्या. "आज शुक्रवार. मी उपाशी हाय. देवीला आज हलवायची न्हाई. उद्या या."

"मावशी, दिवस मोजके आहेत," मी म्हटलं. "उद्या शनिवार, मग रविवार, कागद दिल्लीला कधी जायचे नि तिथून तिकडच्या कोर्टात कधी पोचायचे?"

"तुझं कोर्ट तुझ्यापाशी. माझी देवी माझ्यापाशी."

मी तापले. मी काही लक्ष्मी पूजत नाही, माझ्या घरी बाबासाहेब आणि बुद्ध. तोंडात वाईट येणार होतं. माझ्याआधी वर्षा बोलली, अगदी हळू.

"मावशी, मिलिंद चार वर्षं देवीच्या मागे उभा आहे."

मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग फ्रेमकडे. पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "बोलाव तुझ्या पोलिसाला. पण बूट भाईर काढायला सांग."

तपास अधिकारी सावंतसाहेब दोन तासांनी आले. मावशींच्या हुकमाने बूट काढले, तर मोज्याला अंगठ्याशी भोक. शेजारच्या दोन बिऱ्हाडांतले दोन पंच झाले. मावशींनी हात धुतले, फ्रेमवर चार अक्षता टाकल्या, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "आई, जरा सरक. त्या पोराचं काम हाय." मग फ्रेम खाली घेतली. सावंतसाहेबांनी मागचे खिळे एकेक करून काढले. माझा हात वर्षाच्या हातात होता, इतका घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

देवी निघाली. तिच्या मागचा कागद एका कोपऱ्यात बुरशी खाल्लेला होता. साहेबांनी तो उलटा केला.

सोळा माणसं. मागे बॉयलर. व्हॉल्व्हवर गच्च आवळलेली तार, आणि झेंडूचा हार नेमका त्याच तारेला अडकवलेला. तारेखाली पुठ्ठ्यावर मिलिंदचं अक्षर, मी कुठेही ओळखीन असं, टपोरं: 'व्हॉल्व्ह बांधला आहे. फुटेल.' आणि त्या पुठ्ठ्याखाली, वीतभर अंतरावर, पांढऱ्या सफारीतला शेठ. एका हातात फोडलेला नारळ, दुसरा माझ्या भावाच्या खांद्यावर.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, शेजारची पोरंसोरं धावत आली. वर्षा रडत होती आणि हसत होती. सावंतसाहेब एरवी तोंडावरची माशी हलू न देणारा माणूस, ते म्हणाले, "च्यायला! ह्याने स्वतःच पुरावा फ्रेम करून ठेवला की!" मग मावशी दिसल्या, तशी जीभ चावली. पंचनामा त्यांनी हाताने लिहिला. मी म्हटलं मी टाईप करून देते, तर म्हणाले, "तुम्ही आज कशालाही हात लावू नका." बरोबर होतं त्यांचं.

देवीला मावशींनी तात्पुरतं पाटावर बसवलं. पुढच्या शुक्रवारी मी आणि वर्षा नवीन फ्रेम घेऊन गेलो. चांगली, सागवानी.

परत अंधेरी

फोटो, पंचनामा, मावशींचा जबाब, काकांचा जबाब, सगळं मुदतीच्या आत रवाना झालं. मग आठ महिने काही नाही. नोटरीसाहेब म्हणायचे, "सुजाताबाई, असले लोक येत नसतात हो परत." मी त्यांना म्हणायचे, तुम्ही शिक्का मारा.

आणि एका मंगळवारी मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या, काळा कोट हातावर टाकून. तिथल्या कोर्टाचा निकाल आला होता. धोका लिहिलेल्या फलकाखाली उभा असलेला मालक अनभिज्ञ होता असं मानता येत नाही. हा गुन्हा किरकोळ नाही. ताब्यात द्यावं. मॅडमनी ते मराठीत करून मला दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मीच वाचलं. मग सगळ्या टेबलांना पेढे. नोटरीसाहेबांना दोन.

शेठला आणला त्या दिवशी वर्षा सकाळपासून माझ्या टेबलाशी बसून होती. साडेअकराला गाडी आली. दोन पोलिसांच्या मध्ये तो उतरला. केस पांढरे झालेले, अंगठ्या नव्हत्या. वर्षा उभी राहिली. त्याने तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं, ती मात्र तो दाराआड जाईपर्यंत बघत राहिली. "बस," ती म्हणाली, "आता आत काय व्हायचं ते होऊ दे," आणि तरी आत जाऊन पहिल्या बाकावर बसली.

अर्ध्या तासाने एक वयस्क कारकून घामाघूम होऊन माझ्याकडे आला. फोर्टातल्या कुठल्यातरी मोठ्या वकिलांचा. त्यांचा पेनड्राईव्ह उघडत नव्हता, साहेब आत खोळंबले होते, हाताने लिहिलेला मसुदा होता, पाच पानं, दहा मिनिटांत पाहिजे. मी पहिली ओळ वाचली. आरोपीचा जामीन अर्ज. शेठचा. 'सदरची घटना निव्वळ अपघात असून...'

तो बिचारा मला ओळखत नव्हता. शेजारचे नोटरीसाहेब ओळखत होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी टाईप केलं. पाचही पानं, कानामात्रा न चुकता, समास सोडून, परिच्छेदांना आकडे घालून. दोनदा तपासलं. कारकून कागद घेऊन पळाला.

"बाई, तुम्ही?" नोटरीसाहेब म्हणाले. "त्याचा अर्ज तुम्ही करून दिलात?"

"मग काय? उद्या वरच्या कोर्टात जाऊन म्हणायला नको, माझी बाजू कोणी नीट मांडलीच नाही म्हणून."

सव्वाचारला वर्षा बाहेर आली. मान डोलावली आणि माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. जामीन अर्ज नामंजूर. मी मॉनिटर बंद केला. एवढा सुबक अर्ज माझ्या हातून आजवर झाला नव्हता.